वल्ह्यांविना होडी

फार फार पूर्वी, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही अशा काळी, खाडीकाठी एक राजा होता. ऐका, लहानग्यांनो, आणि पिकल्या केसांच्यांनो, तुम्हीही ऐका.

राजानं खाडीवर दगडी धक्का बांधला. चांगलं काम केलं, नाही कशाला म्हणा! पण लोकांनी इतकी वाहवा केली की स्वारी हवेत. त्यानं दवंडी पिटवली, "होडी लोटताना प्रत्येकानं म्हणायचं, राजा आमचा तारणारा."

सगळे म्हणू लागले. तोंडाला काय, हाड थोडंच असतं?

तिथं एक ख्रिस्ती म्हातारी होती, ती होडीतून माणसं पलीकडे सोडायची. होडी लोटताना तिच्या लोकांची रीत होती, दोन्ही हात होडीच्या काठाला लावून मोठ्यानं म्हणायचं, "प्रभू येशू, तूच तारणारा." तिनं रीत सोडली नाही. शिपायांनी तिला धरून राजापुढे नेलं.

"धक्का तुम्ही बांधलात, महाराज, त्याला माझा मुजरा," ती म्हणाली. "पण माझा जीव तुम्ही बांधलेला नाही. तारणारा मी एकालाच म्हणते."

"मग बघूच तुला कोण तारतो ते!" राजा कडाडला.

अमावस्येची ओहोटी होती. शिपायांनी वल्ही काढून घेतली आणि म्हातारीला होडीसकट खाडीच्या तोंडाशी सोडून दिलं. मजा बघायला राजा खुषमस्कऱ्यांना घेऊन खाडीत मधेच उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन बसला.

होडी समुद्राकडे ओढली गेली. म्हातारीनं होडीचा काठ घट्ट धरला. "प्रभू, भीती वाटते रे," ती म्हणाली, "पण तुझं नाव काही मी गिळणार नाही!"

इतक्यात भरती लागली. उधाणाचंच पाणी ते, बघता बघता पट्टा वेढला. 'महाराज, उठा' म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. रोज ज्याला तारणारा म्हणायचं, त्याला 'बुडाल' कसं सांगणार? पाणी गुडघ्याला लागलं तसे खुषमस्करे होत्या तेवढ्या होड्यांत, राजाच्याही, चढून पसार झाले. राजा एकटा उरला.

त्याच भरतीनं म्हातारीची होडी आत आणली. गळ्याइतक्या पाण्यात राजा दिसला. तिनं दोर फेकला.

"धरा!"

राजा रडकुंडीला आला. "मी तुला बुडवायला निघालो होतो, बाई. माझी लायकी नाही."

"नाहीच आहे!" म्हातारी फटकन म्हणाली. "लायकी बघून वाचवायचं असतं तर प्रभूनं मला कधीच वाचवलं नसतं. धरा म्हणते ना!"

तिनं त्याला ओढून होडीत घेतलं. मग ताठ बसून ठणकावलं, "या होडीत त्याचं नाव घेतलं जाईल. तुम्ही घ्या, नका घेऊ. मी घेणार."

ती मोठ्यानं प्रार्थना करत राहिली आणि भरतीनं होडी थेट धक्क्याला लावली. काठावर सगळं गाव जमलं होतं.

राजा ओलाचिंब खाली उतरला. दवंडीवाल्याला न बोलावता तो स्वतःच ओरडला, "लोकहो, तो हुकूम रद्द! तारणारा मी नव्हे. मला स्वतःलाच तारावं लागलं."

तात्पर्य: देवाची कृपा लायकीनं मिळत नाही, म्हणूनच ती कुणा राजाला हिरावूनही घेता येत नाही.