कडू भोपळ्यांची सांगड

वारणेच्या काठी वेळूगाव म्हणून एक लहान गाव होते. तेथे डोहाजवळच्या वडाखाली निर्मळगिरी महाराज राहत. महाराज फार बोलत नसत. पण आलेला मनुष्य जाताना हलका होऊन जाई, असे जुनी माणसे सांगत. त्यांच्याच तोंडून ऐकलेली ही कथा. सांगण्यात उणे राहिले तर ते माझे समजावे. महाराजांच्या लीलेत उणे नाही.

गावात येसबा कोळी होता. त्याची सांगड होती, म्हणजे मोठाले वाळके भोपळे दोरीने जखडून वर बांबूची ताटी बांधलेली. तिच्यावरून त्याने वीस वर्षे लोकांना पैलतीरी नेले. रोज महाराजांना नमस्कार करी, मगच पाण्यात उतरे.

पुढे त्याचा चुलतभाऊ हैबती याने सागवानी नाव आणली. एका खेपेला बारा माणसे! लोक तिकडे वळले. हैबती भर काठावर ओरडे, "येसबादादा, आता भोपळ्यांची भाजी करून खा! तेवढीच पोटाला लागंल."

लोक हसत. येसबाही हसे, पण त्याचा डोळा त्या नावेवरून हलेना. तिला कशी कड आहे, कसे टोक आहे! अखेर त्याने जुन्या फळ्या मिळवल्या आणि सांगडीला नावेचे रूप यावे म्हणून खिळ्यांनी ठोकल्या. खिळे भोपळ्यांत शिरले. पाण्यात लोटताच सांगड बुडबुडे सोडीत खाली बसली. कशीबशी ती काठावर ओढून तो महाराजांपुढे येऊन रडू लागला.

"महाराज, मी हैबतीसारखा का न्हाई?"

महाराज म्हणाले, "येसबा, शेजाऱ्याची नाव केवढी, असे नदीने तुला कधी विचारले का रे? भोपळा तरतो तो पोकळ म्हणून. तू पोटात दुसऱ्याची नाव भरून घेतलीस. मग बुडशील नाही तर काय?"

इतक्यात नदीकडून आरोळी आली. वरच्या अंगाला पाऊस होऊन पाणी चढले होते, तरी पैलतीरीची माणसे आणायला हैबती एकटाच निघाला होता. मधल्या खडकावर नाव फुटली. तो बुडत्या बाभळीचा शेंडा धरून ओरडत होता, "दादा! येसबादादा!" काठावर इतके लोक, पण त्या धारेत उतरायला कोणी धजेना.

येसबा म्हणाला, "महाराज, सांगड तर फुटकी हाय."

"ती कशी आहे हे मला ठाऊक आहे. फळ्या उपट. तुझी होती तशी ती कर. आणि आता हैबतीची नाव पाहू नकोस, हैबतीला पाहा."

येसबाने फळ्या उपटल्या. भोपळ्यांची भोके उघडी पडली. महाराजांनी सांगडीवरून एकदा हात फिरवला आणि येसबाने ती पुरात लोटली.

काय सांगावे! पाणकोंबडी जावी तशी सांगड धार कापीत गेली. बाभूळ उन्मळायच्या आत येसबाने भावाला बगलेत धरून वर ओढले, आणि दोघे काठाला लागले.

सांगड वर घ्यायला चौघे पुढे झाले, तर ती उचलेना. कलती केली, तेव्हा भोकाभोकांतून पाण्याच्या धारा लागल्या. सगळे भोपळे तोंडापर्यंत भरलेले होते!

"अरं, मग ही तरली कशावर?" एक म्हातारा पुटपुटला आणि त्याने महाराजांकडे पाहून हात जोडले.

हैबतीने महाराजांचे पाय धरले. महाराजांनी ते मागे घेतले. "माझ्या काय पाया पडतोस? ज्याच्या बळावर आलास, त्याच्या पड."

हैबती येसबाच्या पायांवर कोसळला. "दादा, भाजी करून खा म्हनलं व्हतं मी तुला..."

येसबाने त्याला उठवले. "खाल्ली असती रं. पर सांगडीचं भोपळं कडू असत्यात."

महाराज मोठ्याने हसले.

त्यांतला एक भोपळा महाराजांनी वडाला टांगून ठेवला. पुढे येसबाने नवी सांगड बांधली, हैबतीने नवी नाव केली. पण त्या भोपळ्यापुढे वाकल्यावाचून हैबती पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही.