न धावलेले टायर

कराडचे धनराजशेठ टायर कमी विकत आणि ज्ञान अधिक वाटत. गाडीमागे ओढायच्या आपल्या फिरत्या घरासाठी इंदुमतीबाई टायर घ्यायला आल्या. उद्या नातवंडांसह आंबा घाट उतरायचा होता. शेठांनी दाखवलेल्या टायरवर सात वर्षांपूर्वी बनल्याचा छाप होता.

“शेठ, हे जुने आहेत.”

“बाई, एक किलोमीटरही धावलेले नाहीत! उभ्या टायरचं वय वाढत नसतं.”

“असं होय? माझेही सात वर्षं अंगणात उभेच आहेत. म्हणजे नवेच की! येते मी.”

गिऱ्हाईक निघालेले पाहून शेठ ओरडले, “अहो, उभ्यानंच रबर तडकतं! घाटात फुटतील!”

दुकानातली इतर गिऱ्हाइके वाकून आपापल्या टायरवरचे छाप वाचू लागली.

“छान समजावलंत,” इंदुमतीबाई म्हणाल्या. “आता यंदाचे काढा.”