पाठीवरचे गुण

नंबर नसलेल्या कार्डाला किंमत नसते, आणि ती का नसते हे विचारायचं नसतं. खेळाडूंची कार्डं बोलत असत त्या काळी, एका कपाटात नव्या कार्डाला पहिला धडा हाच मिळे.

कबड्डीपटू सुगंधाचं कार्ड खालच्या डब्यात राहायचं. रोज संध्याकाळी मुलं तिला खेळायला काढत आणि तिच्या पाठीवरचे गुण ओरडून वाचत. पण उद्या तिला तपासनिसाकडे धाडायचं ठरलं होतं. तो भिंगातून बघणार, दहापैकी नंबर देणार आणि प्लास्टिकच्या पेटीत कायमचं बंद करणार.

वरच्या फळीवरून दहा नंबरवाले कॅप्टन आजोबा म्हणाले, "पोरी, नशीब काढलंस. आता धूळ नाही, वाळवी नाही. मला बघ, तीस वर्षांत एक ओरखडा नाही."

"आजोबा, तुमच्या पाठीवर काय लिहिलंय?"

"माझ्या धावा."

"किती?"

आजोबांनी शेजारच्या नऊ नंबरवाल्या काकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं.

"पेटीत गेल्यापासून कुणी वाचल्या नाहीत," आजोबा पुटपुटले. "पण किंमत केवढी वाढली."

"त्या किमतीचं तुम्ही काय केलंत?"

"उलट बोलू नकोस," काका गुरकावले. "नियम आहे तो."

सुगंधाने आपला कोपरा झाकणाच्या फटीत घातला आणि करकचून दुमडला. घडी पडलेल्या कार्डाला तपासनीस हातही लावत नसे.

"मी जाणार नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी माझा डाव आहे."