नामाचा दगड

हे कुणाला सांगायचं नाही, असं सोनाआत्यानं मला बजावलंय. पण ती गोठ्यात धार काढतेय, तोवर सांगते.

फार वर्षांपूर्वी आमच्या करंजखडीत सर्जेराव नावाचा एक तरणा माणूस होता. कोल्हापूरच्या एका तालमीच्या संघाकडून तो फुटबॉल खेळायचा. त्यानं मारलेला चेंडू ढगात भिजून खाली यायचा, असं म्हणतात. पुढं कलकत्त्याच्या मोठ्या क्लबनं त्याला पगार देऊन नेलं. तिकडच्या मैदानावर पडलं तरी अंगाला नुसता गवताचा वास लागतो, असं तो गावी आल्यावर सांगायचा आणि धाकटा भाऊ नामा जेवण विसरून ऐकत बसायचा.

एका दिवाळीला सर्जेराव सुट्टीवर आला. सारा गाव माळावर जमला.

"दादा, मी गोलात हुबा ऱ्हातो," नामा म्हणाला. "अडवला तर मलाबी कलकत्त्याला न्यायचं."

"आन् न्हाई अडवला तर?"

"तर जल्मभर तुजी म्हसरं राखतो."

लोक हसले. सर्जेरावनं चेंडू मारला. नामानं सूर मारला आणि चेंडू अडवलाही. पण तो उठला नाही. आमचा माळ मुरमाड, पावलापावलाला दगड वर आलेले. त्यातलाच एक त्याच्या कानशिलात बसला होता.

लोकांनी धावत जाऊन त्याला उचललं. त्या धावपळीत दगड कोणता, ते कुणी पाहिलं नाही.

तेरावं झालं, सुट्टी संपली, तरी सर्जेराव गेला नाही. तो रोज माळावर जायचा. दगड उचलायचा, उलटून बघायचा, बाजूला ठेवायचा. क्लबचा माणूस न्यायला आला, तेव्हा तो म्हणाला, "एवढा माळ साफ झाला की येतो, साहेब."

पण प्रत्येक पावसाळ्यात माती वाहून जायची आणि खालून नवे दगड वर यायचे. आमची जमीन दगड विते, असं म्हणतात.

शेजारची गंगूकाकू एकदा म्हणाली, "आरं, किती पावसाळं गेलं. रगात ऱ्हातंय व्हय दगडावर?"

"बघतो तर खरं, काकू."

त्या दगडांतून त्यानं शाळेची भिंत उभी केली, ओढ्याला बांध घातला, पाणवठ्याला पायऱ्या केल्या. दिवस कलला की दगड वेचलेल्या जागेवर तो पोरांना खेळायला शिकवायचा. पोरं वाढली, त्यांची पोरं आली. त्याच्या हाताला इतकी सवय झाली होती, की दगड आपणहून मातीतून सुटून त्याच्या पाटीत पडायचे, असं म्हणतात. गोलात मात्र तो कुणाला उभं राहू द्यायचा नाही. गोल कायम रिकामा.

तो पार थकल्यावर एकदा त्याची नजर चुकवून माझी सोनाआत्या गोलात जाऊन उभी राहिली. तेव्हा ती परकरातली पोर होती. चेंडू आला, तिनं अंग झोकून दिलं. सर्जेआबा लटपटत धावले.

"लागलं का गं?"

"न्हाई आबा. मऊ हाय की."

आबा तिच्याशेजारी खाली बसले. हातानं जमीन चाचपत राहिले. मग गाल मातीला लावून आडवे झाले, ते उठले नाहीत. त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. शेवटी नामाचा दगड त्यांना सापडला, असं म्हणतात.

अजून आमच्या माळावर सामन्याआधी दोन्हीकडचे खेळाडू एकेक दगड उचलतात, उलटून बघतात आणि ढिगावर ठेवतात. गोलकीपर एकदा जमिनीला गाल लावतो. बाहेरगावचे संघ आधी हसतात, मग तेही वाकतात.

पण ती मूठ सोनाआत्यानं सोडवली होती. दगड सापडला, असं गावाला तिनंच सांगितलं. मुठीत दगड नव्हताच. नुसती भुसभुशीत माती होती. मग तू खोटं का बोललीस, असं मी विचारलं, तर आत्या म्हणाली, गावाला जर कळलं असतं, की आबा शेवटपर्यंत—

"अगं ए, कुणाशी बोलत बसलीस? चरवी घेऊन ये आधी."

आले, आत्या.