कासवगुरुजी फांदीवर

कासवं अजून झाडांना घाबरत नव्हती, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या शाळेत कासवगुरुजी एकच धडा शिकवत: संकट आलं, की डोकं कवचात ओढून घ्यायचं. कवचच नसलेली झुबकी खार तीनदा नापास झाली होती. आणखी एकदा झाली, की शाळेतून नाव कमी होणार होतं.

"गुरुजी, एक दिवस धडा आम्ही ठरवू?" झुबकीनं विचारलं.

"ठरवा की! मला काय अवघड आहे?"

पोरांनी झाडावर चढायचं ठरवलं. गुरुजींना चढता येईना, पण ते हट्टाला पेटले, तेव्हा वर्गातल्या माकडांनी त्यांना वेलीनं वर ओढलं. गुरुजी चारही पायांनी फांदीला चिकटले.

"यापुढे धडे सगळ्यांनी मिळून ठरवायचे," झुबकी म्हणाली. "विरोध असेल त्यानं हात वर करा. गुरुजी, तुमचं काय?"

गुरुजींनी खाली पाहिलं आणि फांदी आणखी घट्ट धरली.