सारजाचं मडकं

बाळांनो, पुढं सरकून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान इकडं द्या, कारण ही गोष्ट खरी तुमच्यासाठीच आहे. फार फार वर्षांपूर्वी, राजा कोण होता तेही आता कुणाला आठवत नाही, तेव्हा नदीकाठी कुंभारांचं एक गाव होतं. गावाची रीत ठरलेली. चाक फिरवायचं ते पुरुषांनी, बायकांनी हातानं माती थापून भांडी घडवायची. माणूस गेलं की तिरडीपुढं पाण्याचं मडकं न्यायचं, तेही पुरुषाला चाकावरचं आणि बाईला हातानं घडवलेलं.

या गावात सारजा राहायची. ती जन्मली तेव्हा मुलगा झाला म्हणून बापानं गूळ वाटला होता. तिचं तेव्हाचं नाव मी सांगणार नाही. तिला ते नको होतं, मग आपल्याला कशाला हवं?

विशीत असताना एका भर दुपारी ती चाकावरून उठली, लुगडं नेसली आणि बायकांच्या ओळीत जाऊन माती थापायला बसली. काय गहजब झाला म्हणून सांगू! बापानं घराबाहेर काढलं. पोरांनी दगड मारले. सारजा जागची हलली नाही, तीस वर्षं तिथंच बसली. हळूहळू बायका तिच्याशी बोलू लागल्या. लांबलांबच्या गावांतून तिच्यासारखी माणसं नुसती तिला बघायला यायची. तिच्याजवळ घटकाभर बसायची आणि जाताना मान वर करून जायची.

गावात तिच्यासारखं आणखी एक जण होतं. गाव तिला म्हादू म्हणायचं, पण ती मनातून हौसा होती, म्हणून आपणही हौसाच म्हणू. चाकावर तिच्या तोडीचा कुंभार पंचक्रोशीत नव्हता. तिचं गुपित एकट्या सारजाला ठाऊक होतं.

सारजानं अंथरूण धरलं तेव्हा हौसाला जवळ बोलावलं.

"हौसे, मला ना पोर ना बाळ. माझं मडकं तू हातानं घडव आणि चारचौघांत पुढं आण. मला बाई म्हणून जाऊ दे गं. दुसरं काही मागणं नाही."

"आणते मावशी, तुझी शपथ," हौसा म्हणाली.

तिनं मडकं घडवलं, भाजलं आणि घरात पेंढ्याखाली लपवून ठेवलं. हातचं मडकं घडवायचं ते बायकांनी, म्हणून ते घेऊन बाहेर पडलं की आपण कोण हे गावाला कळणार, हे तिला पक्कं माहीत होतं.

पावसाळा सरला आणि एका सकाळी सारजा गेली. अंगणात गाव जमलं. पाटील म्हणाले, "जगताना केली तेवढी थेरं पुरे झाली. पुरुषासारखा जाऊ दे त्याला. म्हादू, तुझ्या चाकावरचं एक मडकं आण."

तीस वर्षं शेजारी बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. एकीच्या तोंडून शब्द फुटेल तर शपथ!

हौसा घरी आली. पेंढा बाजूला केला, हातचं मडकं उचललं, उंबऱ्यापर्यंत नेलं. बाहेर लोक उभे दिसले. ती मागं फिरली. फळीवरचं चाकाचं मडकं घेऊन गेली आणि मान खाली घालून पाटलांच्या हाती दिलं. सारजाला तिच्या जुन्या नावानं अग्नी दिला.

दोन वर्षं गेली. एक म्हातारी पायपीट करत गावात आली आणि हौसाच्या चाकापाशी थांबली.

"बाबा, सारजाबाईचं घर कुठलं? माझं लेकरू मुलगा म्हणून जन्मलं, पण म्हणतं, मी मुलगी आहे. चार महिने झाले, धड जेवत नाही. म्हणतं, माझ्यासारखं जगात कुणीच नाही. म्हटलं, सारजाबाईला एकदा घरी न्यावं, लेकराला डोळ्यांनी बघू दे."

ओट्यावरून पाटील ओरडले, "इथं कुणी सारजाबिरजा नव्हती! पुरुष होता तो, पुरुषासारखा गेला. विचार की या म्हादूला, मडकं त्याच्याच चाकावरचं होतं."

म्हातारीनं हौसाकडं पाहिलं.

"होय," हौसा म्हणाली.

"मग आता लेकराला कुणाला दाखवू रे?" म्हातारी पुटपुटली आणि काठी टेकत निघाली.

चाक फिरतच राहिलं. माती हौसाच्या हातात वेडीवाकडी झाली, कोसळली. तेव्हा कुठं ती उठली आणि धावत सुटली. "आजी, थांबा! सारजा होती! मी पण आहे! मला न्या!" सगळ्या गावानं ऐकलं. पण नदीच्या काठावर पोचेपर्यंत म्हातारीची नाव पार पलीकडं लागली होती, आणि म्हातारी कुठल्या गावची, हे नावाड्यालाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून हौसा लुगडं नेसून गावोगाव फिरली. दारोदार विचारलं. सहाव्या महिन्यात तिला ते घर सापडलं. म्हातारी उंबऱ्यात एकटीच बसली होती; लेकराला जाऊन महिना झाला होता.

"उशीर केलास गं पोरी," हौसाला ओळखून एवढंच ती म्हणाली.

म्हणून सांगतो: ज्यांच्या धैर्यानं आपल्याला बळ दिलं, त्यांची साक्ष चारचौघांत आणि वेळेवर द्यावी, कारण आपल्या गप्प बसण्याची शिक्षा तिसऱ्यालाच भोगावी लागते.