साठी ओलांडलेल्यांसाठी सूचना

एका तालुक्याच्या वाचनालयात द्वारकाबाई खरे दोन वर्षे खपून लॅपटॉपवर ग्रंथयादी तयार करीत होत्या. नवे अध्यक्ष रावसाहेब दिघे यांनी येताच भिंतीवर सूचना लावली: ‘साठी ओलांडलेल्यांनी लॅपटॉपला हात लावू नये.’ यादी अर्धीच राहिली.

पुढे संकेतस्थळावरची ती यादी तपासायला अधिकारी आले आणि नेमके वायफाय लागेना. रावसाहेबांनी राउटर दोनदा बंद करून चालू केला, सगळ्या कळा बडवून पाहिल्या.

“पडद्यावर विमानाचे चिन्ह आहे,” द्वारकाबाई दुरूनच म्हणाल्या. “एअरप्लेन मोड चालू आहे तोवर वायफाय लागायचे नाही.”

“मग बंद करा ना तो. उभ्या काय राहिलात?”

“मला एकाहत्तर पूर्ण झाली. सूचना आपलीच आहे.”

“आजच्यापुरते चालेल हो.”

“मला आजच्यापुरते चालणार नाही. आणि रावसाहेब, आपणही हात काढावा. आपली एकसष्टी याच सभागृहात झाली. पेढे मीच वाटले होते.”

अधिकाऱ्यांनी तोंडाला रुमाल लावला. रावसाहेब उठले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी भिंतीवरची सूचना काढली. ती पुरती निघाल्यावरच द्वारकाबाई खुर्चीत बसल्या, आणि वायफाय लागले.